जुनी एमएक्स-५ ट्रॅकवर न्यायची तर: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ट्रॅक-डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, सकाळी सगळ्यात आधी बोनेट उघडून उभी राहिलेली जुनी गाडी बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. आणि त्यांच्या सोबतीला तीस वर्षं जुना रेडिएटर आणि कधी बदललं ते कुणालाच आठवत नाही असं ब्रेक ऑइल. खर्च भरपूर झालेला असतो, पण उलट्या क्रमाने.

हा लेख माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीबद्दल आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातल्या, वर उघडणाऱ्या हेडलाइटच्या गाड्या. वजन टनाच्या आत, मागची चाकं चालवणारी, इंजिन १.६ किंवा १.८. आकडे आणि सूचना ब्रिटनमधल्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीला धरून आहेत, कारण तिथे ट्रॅक-डेला ही गाडी सर्रास दिसते. माझदाने ही गाडी भारतात विकली नाही. पण इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जुनी एस्टीम घेऊन जाणाऱ्यालाही क्रम हाच लागू आहे: गाडी आधी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे. जास्त पळवण्याचा विचार त्यानंतर.

टप्पा १: गाडी मूळ अवस्थेत ठणठणीत करा

कुठलाही नवा पार्ट मागवण्यापूर्वी गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी धरणाऱ्या स्टँडवर) चढवा आणि एक अख्खा दिवस नुसतं बघण्यात घालवा. हातात वही ठेवा.

सुरुवात पत्र्यापासून. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं. ही भोकं पानं आणि मातीने तुंबली की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून नुसतं पाहून कळत नाही. मागच्या चाकाच्या पुढचा सिलचा भाग पान्याच्या मुठीने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथे आत गंज किंवा पुट्टी आहे. हे वेल्डिंग आधी उरका. गंजलेल्या सांगाड्यावर कडक सस्पेन्शन चढवणं म्हणजे पैसे आणि गाडी दोन्ही घालवणं.

मग इंजिन. १.६ ची गाडी १९९१ च्या मध्यापूर्वीची असेल तर क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली आधी बघा. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे. तिथला बोल्ट ढिला राहिला की चावीचा गाळा झिजतो आणि पुली डोलायला लागते. पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. आखूड असेल तर इंजिन आयडलवर ठेवून पुलीकडे निरखून पाहा. डोलत असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत ट्रॅकचं नाव काढू नका.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चला. मुदत साधारण ९६,००० किलोमीटरची, पण बेल्ट वयानेही जातो. बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत, हे खरं. तरीही वेगाच्या वळणात इंजिन अचानक बंद पडणं तुम्हाला आणि मागून येणाऱ्याला परवडणारं नाही. त्याच उघडझापीत वॉटर पंप, टेन्शनर आणि पुढची ऑइल सील बदलून घ्या. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची ओ-रिंग कडक होऊन तिथून ऑइल झिरपतं आणि खालच्या हीटरच्या रबरी पायपांवर पडतं. रिंग काही रुपड्यांची आहे, पण तिच्यामुळे फुगलेला पाइप ट्रॅकवर फुटला तर इंजिनच जातं.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, पेट्रोल आणि स्पार्क बंद हवेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग रीडिंग कमी येतं आणि चांगलं इंजिन उगाच बदनाम होतं. चार आकड्यांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असला की पुढे जा.

*तपासा:* बॅटरी डिकीत आहे. मूळ बॅटरी सीलबंद, बाहेर नळी काढलेली असते. कुणी साधी बॅटरी बसवली असेल तर ॲसिडच्या वाफांनी डिकीचा पत्रा खाल्लेला सापडेल. योग्य बॅटरी घ्या आणि ती पट्टीने घट्ट आवळा.

टप्पा २: रोल बार आणि सीट

उघड्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची कमान) नसेल तर बरेच आयोजक ट्रॅकवर सोडतच नाहीत, आणि ते बरोबर करतात. सीटमागे दिसणाऱ्या चकचकीत नळ्या अनेकदा नुसत्या शोभेच्या असतात. खरा रोल बार पत्र्याला जाड प्लेट लावून बसवलेला असतो आणि त्याला मागे जाणारे आधार असतात.

बार बसल्यावर ही चाचणी करा. हेल्मेट घालून, पट्टा लावून, नेहमीसारखे बसा. बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी कुणाला तरी धरायला सांगा. हेल्मेट काठीच्या किमान ५० मिलिमीटर खाली असलं पाहिजे. उंच माणसांचं इथेच अडतं. अशा वेळी सीटचा फोम कमी करा किंवा खाली बसणारी बकेट सीट घ्या. बार उंच करायला गेलात तर टप बंद होत नाही.

*सावधान:* चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस मूळ सीटवर बसवू नका. नीट न बसवलेल्या हार्नेसमध्ये धडकेच्या वेळी शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं. रोल बार, फिक्स बकेट सीट आणि हार्नेस हे एकत्रच घ्यायचं काम आहे. तोवर मूळ तीन-बिंदूंचा पट्टा उत्तम.

टप्पा ३: ब्रेक

मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) मागवण्याची घाई करू नका. १.६ ला पुढे २३५ मिलिमीटरच्या डिस्क आहेत, १.८ ला २५५ च्या. टनाखालच्या गाडीला, ऑइल आणि पॅड योग्य असतील तर, पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. नंतर वाटलंच तर १.८ च्या डिस्क आणि ब्रॅकेट १.६ वर बसतात; वेगळं काही शोधावं लागत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, मुरलेलं १५५ ला. ट्रॅकसाठी ताजेपणी ३०० च्या वर उकळणारं ऑइल मिळतं, ते घ्या. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत घालू नका. नावात साम्य असलं तरी डॉट ५.१ ही वेगळी वस्तू आहे.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. आधी मागच्या कॅलिपरचे पिस्टन बघा. यांत हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळे पिस्टन क्लॅम्पने दाबून आत जात नाही आणि जोर लावला तर यंत्रणा मोडते. मागचा झाकणाचा बोल्ट काढा, आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. ती उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो. नवे पॅड बसवून की सुलटी फिरवत चाक अडेपर्यंत आणा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या.

२. चारही कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. अडकत असतील तर काढून, साफ करून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.

३. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं. उजव्या स्टिअरिंगला क्रम येतो: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

४. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडल कधीच तळाला जात नाही, म्हणून जुन्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या टोकाला गंज आणि गाळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या खरबरीत भागावरून जाते आणि फाटते. सकाळपर्यंत चांगला असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी गळतो, तो यामुळे.

५. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा.

*तपासा:* ट्रॅकवर ब्रेक कमी लागायला लागले तर पाय काय सांगतो ते बघा. पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झालेत. पहिल्यावर उपाय ऑइल, दुसऱ्यावर पॅड. हे न ओळखता लोक डिस्क बदलत बसतात.

टप्पा ४: पाणी आणि ऑइल

या इंजिनाची मूळ रचना आडव्या बसणाऱ्या इंजिनाची आहे. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना कूलंट पुढूनच आत आणि पुढूनच बाहेर असं झालं. त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहतो. रस्त्यावर जाणवत नाही. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला राहिलं की फरक पडतो. थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेऊन पाणी तिकडून बाहेर काढण्याचा बदल चांगला आहे, पण मूळ ताकदीच्या गाडीला तो पहिल्या दिवसापासून लागतोच असं नाही. खालची कामं मात्र लागतात.

मूळ रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. काळा रंग जाऊन तपकिरी-हिरवट झाला असेल तर ती कधीही तडकू शकते. रेडिएटर बदला, सगळे होज बदला, झाकणही बदला. इंजिनखालचं प्लास्टिकचं ताट आहे ना, ते पाहा. ऑइल बदलताना काढलेलं ताट परत न लावलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. ताट नसलं की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निघून जाते, आणि मग नवा रेडिएटर घालूनही गाडी तापते. हे आधी बघितलं तर बराच खर्च वाचतो.

१९९५ पासूनच्या गाड्यांतला ऑइल प्रेशरचा काटा दिशाभूल करतो. तिथे प्रेशर मोजणारा सेन्सर नाही, नुसता स्विच आहे. प्रेशर आहे एवढं कळलं की काटा मधोमध जाऊन बसतो. वेगळा मीटर लावा. पाण्याचं तापमान दाखवणाराही लावा. १०५ अंशांच्या वर गेलं की ती फेरी सोडा आणि सावकाश चालवत परत या. इंजिन लगेच बंद करू नका.

ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा आणि प्रत्येक सत्रानंतर बघा. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं. पातळी अर्ध्यावर असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

टप्पा ५: सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिली चूक म्हणजे मूळ शॉकअप ठेवून नुसत्या बुटक्या स्प्रिंगा घालणं. या गाडीत वरच्या दिशेने चाकाला मुळातच फार कमी जागा आहे. गाडी खाली बसवली की वळणात ती बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) जाऊन टेकते. टेकल्याबरोबर त्या कोपऱ्याची स्प्रिंग एकदम दगड झाल्यासारखी वागते आणि पकड सुटते. चालवणाऱ्याला वाटतं टायर खराब आहेत. स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीनेच बदला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत साधारण ३२० ते ३३० मिलिमीटर उंची राहू द्या. त्याखाली जाऊ नका, दिसायला कितीही छान वाटलं तरी.

दुसरी चूक बुशांची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी नळ्यांची. खालच्या आर्मचे लांब बोल्ट हेच कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) ठरवणारे एक्सेंट्रिक बोल्ट आहेत. तीस वर्षांत ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. अलाइनमेंटवाल्याकडे गेल्यावर तो हात वर करतो, ते यामुळे. आठवडाभर आधीपासून रोज भेदक ऑइल मारा, खुणा करून ठेवा आणि मगच फिरवा. फिरले नाहीत तर कापावे लागतील, तेव्हा नवे बोल्ट आणि बुश हाताशी ठेवा.

तिसरी चूक बोल्ट आवळण्याची वेळ. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत असताना रबरी बुशाचे बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. उंची चुकीची दिसते, गाडी कडक वाटते आणि बुश वर्षभरात फाटतात. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या, आणि मग टॉर्क पान्याने आवळा. जागा मिळत नसेल तर चाकांखाली फळ्या घाला.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सस्पेन्शनच्या कोणत्याही पार्टला हात लावला की ती पुन्हा करावी लागते, त्यामुळे आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा, टाकी अर्धी भरा, टायरमध्ये बरोबर हवा भरा. सुरुवातीसाठी हे आकडे घ्या:

- पुढचा कॅम्बर: उणे २.५ अंश, किंवा बोल्ट देतील तेवढा
- मागचा कॅम्बर: उणे २ अंश, पुढच्यापेक्षा थोडा कमी
- कॅस्टर: दोन्ही बाजूंना समान, ५ अंशांच्या आसपास
- पुढचा टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं): शून्य
- मागचा टो: दोन्ही मिळून साधारण २ मिलिमीटर आत

*सावधान:* मागचा टो बाहेर गेला तर ॲक्सिलरेटर सोडताच गाडी मागून फिरते. छापील रिपोर्ट मागून घ्या आणि हा आकडा स्वतः वाचा. त्याच कारणासाठी मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) जाड करू नका. हवाच असेल तर आधी पुढचा, आणि तो बदलून एक दिवस चालवून बघा.

टप्पा ६: टायर

१५ इंची चाकांवर १९५/५०. याच्यापेक्षा रुंद टायर या ताकदीला ओढवत नाहीत. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ट्रॅकवर नेऊ नका.

रस्त्यासाठी कंपनी २६ पीएसआय सांगते. ट्रॅकवर तापून हवा वाढते, म्हणून मोजमाप गरम असतानाचं धरा: सत्र संपल्याबरोबर ३० च्या आसपास. खडूने टायरच्या खांद्यावर रेघ मारा. रेघ कुठवर पुसली जाते त्यावरून टायर किती दुमडतो ते कळतं.

टप्पा ७: पहिला दिवस

या दिवशी तुम्ही वेळ मोजायला गेलेला नाही, गाडीची तपासणी करायला गेला आहात.

आदल्या आठवड्यात दोन गोष्टी उरका. एक, विमा: रस्त्याच्या पॉलिसीत सहसा ट्रॅक धरलेला नसतो, आणि केलेले बदल कंपनीला कळवलेले नसतील तर रस्त्यावरचा दावाही अडतो. दोन, आवाजाची मर्यादा: ती ट्रॅकनुसार आणि दिवसानुसार बदलते. आयोजकाला विचारा. सायलेन्सर मर्यादेबाहेर असला तर नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत.

सकाळी गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू बाहेर काढा, सीटखालचंही बघा. टो हुक लावा. चाकांचे नट ११० न्यूटन मीटरला आवळा आणि पहिल्या सत्रानंतर, चाकं थंड झाल्यावर, पुन्हा तपासा.

पहिलं सत्र दहा मिनिटांचं. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, गाडी थंड करत पूर्ण करा. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका; गियरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवले की त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढच्या वेळी पेडल थरथरतं.

टाकी पाव भागाच्या खाली गेल्यावर लांब वळणात इंजिन अडखळतं. पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप उघडा पडतो. अर्ध्यावर आली की भरा.

प्रत्येक सत्रानंतर वहीत लिहा: पाण्याचं तापमान, ऑइलची पातळी, चार टायरची हवा, पेडल कसं वाटलं. दोन सत्रांमध्ये एकच गोष्ट बदला. हवाही कमी केली आणि शॉकअपचे क्लिकही फिरवले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

टप्पा ८: आता इंजिन

वरचं सगळं होऊन दोन-तीन दिवस गाडी विनातक्रार चालली की इकडे या.

पहिलं काम फुकटातलं आहे: टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ. बोनेटखालच्या डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन टोकांना वायरने जोडा, इंजिन पूर्ण गरम करा, दिवे आणि पंखा बंद ठेवा. पहिल्या सिलिंडरच्या वायरवर टायमिंग लाइट लावा. मूळ आकडा १० अंश आहे. कॅम अँगल सेन्सरचा १२ नंबरचा बोल्ट ढिला करून सेन्सर किंचित फिरवला की १४ अंशांपर्यंत नेता येतं. मधल्या आरपीएमची ओढ लगेच जाणवते. मात्र त्यानंतर पेट्रोल जास्त ऑक्टेनचंच भरा, आणि चढावर उंच गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ऐका. टिकटिक आली तर दोन अंश मागे या. काम झाल्यावर वायर काढायला विसरू नका. ती तशीच राहिली तर टायमिंग पुढे सरकतच नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते.

१.६ मध्ये हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. त्याच्यापुढे उघडा एअर फिल्टर लावला तर तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद कमी होते. मूळ डबाच ठेवा आणि फिल्टर नवा घाला.

खरा फरक हवा असेल तर स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग. डायनोला जाण्यापूर्वी नवे प्लग आणि वायर, साफ केलेले इंजेक्टर, आणि एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर एवढं तयार हवं. गळका एक्झॉस्ट जॉइंट असेल तर सेन्सर खोटं सांगतो, म्हणून तो आधी बंद करा. टर्बो नसलेल्या या इंजिनात पूर्ण ॲक्सिलरेटरला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.८ ते १३ च्या दरम्यान ठेवायला सांगा. ट्यूनरला हेही सांगा की गाडी ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं सलग चालणार आहे. डायनोवर काही सेकंदांच्या धावेत टिकणारं टायमिंग अकराव्या मिनिटाला, तापलेल्या हवेत टिकेलच असं नाही. शेवटचे एक-दोन अंश त्याला कमीच ठेवू द्या, आणि मॅपची (ईसीयूतल्या सेटिंगची) फाइल घेऊनच तिथून निघा.